अक्का, तुझी थिनरची खोली

अक्का,

तू गेल्यानंतर परवा पहिल्यांदा कारखाना उघडला. कुलूप काढलं, शटर वर केलं आणि सवयीनं बाजूला झाले. आधी तू उंबऱ्यावर उभी राहायचीस, नाक वर करून, आणि मगच म्हणायचीस, "लाव आता दिवा." वास आला तर बटणाला हात लावायचा नाही, आधी खिडक्या उघडायच्या. इतक्या वर्षांत हे काम मी कधी केलं नव्हतं. तू होतीस ना. परवा मीच नाक वर केलं. शाईचा नेहमीचा वास होता, तेवढाच. दिवा लावला आणि खुर्चीत बसून थोडी रडले. थोडीच. पंपवाल्यांच्या नेमप्लेटा द्यायच्या होत्या.

तुझ्या घरी भेटायला येणारी माणसं तुझं कोडोलीचं माहेर, तुझा स्वभाव, तुझे उपवास यांबद्दल बोलत होती. सगळं खरंच होतं. पण मला तू आठवतेस ती काळ्या पडलेल्या थिनरच्या डब्यासकट. हे तिथं बोलायची सोय नव्हती. पांढरी साडी नेसून बसलेल्या तुझ्या नणंदेला मी काय सांगणार, की आमची मैत्री घाण थिनरवरच्या भांडणातून झाली?

आठवतं का तुला? उद्यमनगरात मागच्या गल्लीतली शेड भाड्यानं घेतली होती. पंपांच्या नेमप्लेटा, स्टिकर, गुळाच्या खोक्यांवरची छपाई. स्क्रीन प्रिंटिंग म्हटलं की लोकांना रंग दिसतात. धुणं कुणाला दिसत नाही. प्रत्येक रंगानंतर छपाईची जाळी थिनरनं धुवायची, आणि धुऊन उरतं ते काळं, उग्र पाणी. पाणी कसलं, पेट्रोलची चुलत बहीणच ती. पहिल्या दिवशीचं काम संपल्यावर मी तो डबा उचलला आणि दारातल्या गटारीकडे निघाले. गल्लीतले सगळे तेच करत होते. तू माझं मनगट धरलंस. मला दुखलं सुद्धा.

"कुठं निघालीस?"

"ओतायला."

"गटारीत किडं हायत की, मंजे. मरतील सगळं."

मला हसू आलं. मी मंगळवार पेठेतली. रविवारी आमच्या घरी मटणाचा तांबडा-पांढरा रस्सा चुकायचा नाही. आणि तू कांदा-लसूण न खाणारी, दिवस मावळायच्या आत जेवून घेणारी. मी म्हणाले, "अक्का, किड्यांचं काय घेऊन बसलीस? कुणी पेटती विडी टाकली त्या गटारीत, तर माणसं मरतील."

"मग तर दोन कारणं झाली. माझं एक, तुझं एक. आता तर ओतायचंच न्हाय."

तुझ्याशी भांडायची हीच पंचाईत होती. माझाच मुद्दा घेऊन तू जिंकायचीस.

ओतायचं नाही म्हटल्यावर साठवणं आलं. आणि साठवायचं कसं हे दोघींनाही माहीत नव्हतं. खाद्यतेलाचे प्लॅस्टिकचे रिकामे डबे आणले, त्यात भरत गेलो आणि छपाईच्या टेबलाखाली सरकवत गेलो. उन्हाळ्यात ते डबे फुगायचे, बेडकासारखे. झाकण सैल केलं की फुस्स आवाज यायचा आणि शेडभर वास. टेबलापासून चार पावलांवर आपला स्टोव्ह होता, चहाचा. आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. तेव्हा मात्र आपण तिथंच बसून चहा प्यायचो आणि डोकं का दुखतं म्हणून एकमेकींना विचारायचो.

त्याच सुमाराला मला दिवस गेले. तू माझं जाळ्या धुणं बंद केलंस. विचारलंस नाही, बंदच केलंस. माझं टेबल दाराशी ओढलंस आणि म्हणालीस, "हितनं पुढं तू वाऱ्यावर बसायचं. धुणं मी करतो." तू 'मी करतो, मी जातो' असंच बोलायचीस, कोल्हापूरच्या जुन्या बायकांसारखी. पुण्याहून आलेलं एक गिऱ्हाईक त्यावर हसलं होतं, तेव्हा त्याला तू म्हणाली होतीस, "पावणं, काम बगा की. बाई करती का बुवा करतोय, त्याचं काय?"

आणि मग तो दिवस. ऋताच्या वेळी मला सातवा लागला होता. दुपारची वेळ, शेजारच्या शेडमध्ये संभाजी मिस्त्रींचं वेल्डिंग चाललेलं. दोन शेडींच्या मधली खिडकी उकाड्यामुळे उघडी. खिडकीखाली आपण थिनरनं पुसलेल्या चिंध्या पुठ्ठ्याच्या खोक्यात टाकायचो. एक ठिणगी खिडकीतून आत आली. मी पाहिली ती. इवलीशी होती, काजव्याएवढी. खोक्यात पडली आणि भप्पकन जाळ उठला. आवाज सुद्धा मऊ होता, कुणीतरी गादी झटकावी तसा.

मी जागच्या जागी थिजले होते. तू आधी मला दाराबाहेर ढकललंस. मग मागं वळलीस. मी ओरडत होते, "अक्का, ये बाहेर!" आणि तू त्या जाळापाशी जाऊन टेबलाखालचे डबे पायानं लांब सारत होतीस. कोपऱ्यात शाई कालवायची मोठी परात होती, ती उचललीस आणि खोक्यावर पालथी घातलीस. परात दाबून उभी राहिलीस, पदर कमरेला खोचून. कडांतून धूर येत होता. मग तोही थांबला. संभाजी मिस्त्री धावत आले, हातात पाण्याची बादली. तू त्यांना म्हणालीस, "पाणी नगं. बसा. सगळ्यांनी बसा."

तुझ्या भुवया जळल्या होत्या. त्या परत आल्या त्या विरळच. तू नायलॉनची साडी नेसली असतीस तर? तू म्हणायचीस, "सुती हुती न्हवं? झालं तर." त्या दिवसापासून कारखान्यात सुतीच नेसायचं हा आपला कायदा झाला.

दुसऱ्या दिवशी तू मला घेऊन अग्निशमन केंद्रात गेलीस. मला वाटलं, तक्रार करायला. तू तिथल्या एका वयस्क जवानाला सरळ विचारलंस, "दादा, पेटणारं पाणी ठेवायचं कसं?" त्या माणसानं आपल्याला बाकावर बसवलं. त्यांचं एक वाक्य माझ्या डोक्यातून कधी गेलं नाही. "बाई, याची वाफ वर जात नाही. खाली बसते, जमिनीवरून सरपटत जाते आणि लांबचा दिवा शोधते. तुमचा डबा इथं असेल आणि आग तिकडून येईल." मग त्यांनी सोपं करून सांगितलं. माणसांपासून आणि जाळापासून लांब ठेवा, सावलीत ठेवा, लोखंडी डब्यात घट्ट झाकणाखाली ठेवा, वारा खेळता ठेवा. आणि मुळात कमी ठेवा.

येताना रिक्षात आपलं भांडण सुरू झालं. मला पेटणाऱ्या वस्तू ठेवायचं ते पिवळं पोलादी कपाट हवं होतं, दुकानदारानं चित्रात दाखवलेलं. दुहेरी पत्रा, आपोआप मिटणारी दारं. बाळ यायचं होतं, मला दुसरं काही सुचत नव्हतं. तू म्हणालीस, "कपाट चांगलंच हाय. पण ते घेतलं तर वरीसभर आपण कपाटासाठीच छापायचं. आणि कपाट ठेवणार कुठं? शेडमध्येच की. मला ते शेडमध्येच नकोय."

"मग कुठं?"

"मागच्या कोपऱ्यात. खोली बांधायची."

"खोली? अक्का, कपाट परवडत नाही म्हणतेस आणि खोली बांधतेस?"

"न्हाणीएवढी. बांधल्यावर बोल."

मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. तू बांधायलाच घेतलीस. मालकाची परवानगी काढलीस. तुझ्या यजमानांनी, अण्णांनी, कोडोलीहून तुझ्या माहेरच्या पाडलेल्या गोठ्याच्या विटा ट्रॅक्टरनं पाठवल्या. कंपाउंडच्या भिंतीकडेला, शेडपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब, ती खोली उभी राहिली. भिंतीत खाली जमिनीलगत झरोके, जाळी लावून, कारण वाफ खालून जाते. वरही झरोके, हवा वाहती राहावी म्हणून. वर पांढरा रंग दिलेला पत्रा. दाराला उंच उंबरा आणि आतली जमीन झरोक्यांहून खोल, म्हणजे आत काही सांडलं तर आतच राहील. आत दिवा नाही, बटण नाही. गवंडी म्हणाला, "दिव्याची वायर सोडून ठेवू का?" तू म्हणालीस, "दिवसा उजेडी काम करायचं. अंधारात हितं कुणाचं काय अडलंय?"

दार आणि डबे केले संभाजी मिस्त्रींनी. स्वतःच्या शेडमध्ये, खिडकी बंद करून. मजुरी घ्यायला तयार नव्हते. म्हणाले, "ठिणगी माझी हुती अक्का. झाकण बी माझंच असूद्या." चिंध्यांसाठी त्यांनी पायानं उघडणारा लोखंडी डबा केला, पाय काढला की झाकण आपोआप पडायचं. ते झाकण पडताना होणारा ठण्ण आवाज ऋतानं पाळण्यात असताना ऐकला असेल सगळ्यात जास्त. पिंपातून थिनर ओतताना ठिणगी उडू नये म्हणून तांब्याची तार जमिनीत पुरलेल्या सळीला जोडली, तीही त्यांनीच. त्यांनी फक्त एकदाच चुकीचा सल्ला दिला. "एवढं कशाला जपताय? गच्चीवर परातीत पसरा, उडून जाईल."

तू म्हणालीस, "उडून जाईल कुठं? नाकातच की."

खोली झाल्यावर मी आत जाऊन उभी राहिले. गार होती. झरोक्यातून वारा पायांना लागत होता. मी म्हणाले, "बरी आहे." तू म्हणालीस, "बरी? माझ्या भुवया गेल्यात तिच्यापायी." आणि आपण दोघी त्या दारात बसून इतक्या हसलो की पोटातलं बाळ लाथा मारायला लागलं.

त्यानंतरची वर्षं सुखाची गेली, अक्का. हे मी मुद्दाम लिहिते आहे. लोक अशा वेळी फक्त दुःख लिहितात. आपलं काम वाढलं आणि घाण मात्र कमी झाली, कारण तुला नवीनच छंद लागला होता. वापरलेलं थिनर झाकून ठेवायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरची निवळ पहिल्या धुण्याला वापरायची. शेवटच्या हातालाच तेवढं नवं थिनर. थिनर अर्ध्यावर आलं. तू हे मला सांगितलंस तेव्हा ताकातून लोणी काढल्यासारखा तुझा चेहरा होता. जाळ्या साफ करायचं ब्लीच मी एकदा त्याच खोलीत ठेवायला निघाले होते, तेव्हा मात्र तू अशी ओरडलीस की शेजारची मशीन थांबली. "त्याचं आणि ह्याचं जमत न्हाय! एका खोलीत न्हाय ठेवायचं!" मी म्हणाले, "तुझं आणि माझं तरी कुठं जमतं?" तू म्हणालीस, "आपण पेटत न्हाय. नुसता धूर करतोय."

आपलं एक भांडण मात्र राहिलंच. परवानगी असलेली गाडी येऊन हे उरलेलं थिनर घेऊन जाते, पण दोन पिंपांसाठी यायला ती तयार नव्हती. मग तू गल्लीत हिंडलीस. फर्निचरला पॉलिश करणारा एक, स्टिकरवाला एक, गाड्यांना रंग मारणारे दोघं भाऊ. सगळ्यांना म्हणालीस, एकाच दिवशी गाडी बोलवू, सगळ्यांचं एकदम जाईल, सगळ्यांनाच झेपेल. ते छान झालं. गल्लीतल्या गटारीला आता पावसाचाच वास येतो. पण तुला आणखी पुढं जायचं होतं. तुला आपल्या खोलीला लागून दुसरी खोली बांधायची होती, सगळ्या गल्लीची पिंपं ठेवायला.

मी नाही म्हणाले. "दुसऱ्याची घाण आपल्या दारात कशाला? कुणी काय भरून आणलंय ते आपल्याला कसं कळणार? एकाच जागी एवढं साठलं तर जे लहान होतं ते मोठं नाही का होणार?"

"घाण न्हाय ती, धोका हाय. आणि धोका आपल्या दारात असला की दिसतो तरी. त्यांच्याकडं कुणी बघत न्हाय."

"मग त्यांना बघायला शिकव."

"शिकवून शिकत्यात व्हय सगळी?"

हे आपण किती वेळा बोललो असू. दर वेळी तेच शब्द, तोच चहा, फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर. तू कधी चिडली नाहीस. मीही मागं हटले नाही. आजही मला वाटतं माझंच बरोबर होतं. तू वर बसून मान हलवत असशील, हलव.

दवाखान्यात तुला शेवटचं ठेवलं, तेव्हा तुझ्या छातीत पाणी झालं होतं आणि बोलताना दम लागत होता. सिस्टरनं हात धुवायच्या जेलची बाटली उघडीच ठेवली होती, प्राणवायूच्या नळीशेजारी. तू मला डोळ्यांनी खुणावलंस. मला कळेना. मग एक-एक शब्द करत म्हणालीस, "झाकण... लाव म्हणावं. उडतंय." सिस्टर हसली, तिनं झाकण लावलं. तू डोळे मिटलेस, समाधानानं. ते समाधान मी पाहिलं आहे, त्यामुळे तू कशी गेलीस म्हणून कुणी विचारलं की मी सांगते, छान गेली.

एक बोलायचं राहिलं. त्या दुपारी तू मला आधी बाहेर ढकललंस आणि मग मागं वळलीस. त्यावर आपण कधीच बोललो नाही. मी एकदा सुरुवात केली होती, ऋताच्या बारशाला, आणि तू म्हणालीस, "पेढं संपत आलेत, बघ जरा." मी परत कधी काढलं नाही. ऋता आता कॉलेजात आहे. तिला मी परवा सगळं सांगितलं, ठिणगीपासून परातीपर्यंत. तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे अक्कामावशीनं मला पण बाहेर ढकललं होतं?" हो, म्हटलं. तुला पण.

आता कालचं सांगते. दुपारी दोघी जणी आल्या, गारगोटीहून. विशीतल्या असतील. नुकतंच स्क्रीन प्रिंटिंग सुरू केलंय, कापडी पिशव्यांचं. शाईच्या दुकानात कुणीतरी सांगितलं होतं, उद्यमनगरात एक खोली आहे ती बघून या. "ती बांधणाऱ्या बाई भेटतील का?" म्हणाल्या. मी म्हणाले, त्या नाहीत आता. मी दाखवते.

खोली दाखवली. दोघी उंबरा ओलांडून आत वाकून बघत होत्या. एक धीट होती, तिनं विचारलं, "काकू, आमचा एक डबा हितं ठेवला तर चालंल का? आमच्याकडं जागा हाय, पण भीती वाटती."

तू असतीस तर हो म्हणाली असतीस. मी नाही म्हणाले. त्यांचा चेहरा पडला. मग मी पर्स घेतली, शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर गारगोटीची एसटी पकडली.

त्यांचं घर बाजाराच्या मागं आहे. मागं परसू, एक फणसाचं झाड, गाई बांधायची रिकामी जागा. त्या धीट मुलीचे वडील बाहेर आले, "पावणं कोण?" म्हणाले, आणि खुर्ची शोधायला लागले. मी बसले नाही. चूल कुठं, बंब कुठं, वारा कुठून येतो, सगळं फिरून पाहिलं. कुंपणाच्या कडेला सावलीचा एक कोपरा सापडला. विटेच्या तुकड्यानं मी जमिनीवर चौकोन आखला, न्हाणीएवढा. उंबरा कसा घ्यायचा, झरोके कुठं, आत वायर का नको, सांगत गेले. दोघी ऐकत होत्या, एकीनं पायातली चप्पल काढून कोपऱ्यावर खूण म्हणून ठेवली.

"आणि दार कुणीकडं करायचं, काकू?"

आपल्या खोलीचं दार तू ठरवलं होतंस. तेव्हा मी रुसले होते, म्हणून तसं का ते विचारलंच नव्हतं. आता तिथं उभी राहून मी विचार केला. घराकडे केलं तर वाफ घराकडे येईल, आणि आत कुणी असताना काही झालंच तर त्याला चुलीच्या जाळाकडेच पळावं लागेल. दुसऱ्या बाजूला, शेताकडे, मोकळं होतं.

"शेताकडं," मी म्हणाले. "बाहेर उघडणारं. नुसतं ढकललं की माणूस बाहेर पडला पाहिजे."